मुंबईच्या समुद्राचा तिसरा तुकडा

पुण्याहून सोलापूरची सकाळची गाडी सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर एक कातडी बॅग होती. ती वरच्या फळीवर ठेवावी असा आग्रह समोरच्या गृहस्थांनी दौंड येईपर्यंत सोडला नाही. परक्याच्या बॅगेची ज्याला इतकी काळजी वाटते, त्याच्याकडे मी जरा निरखून पाहतो. पाहिले. गृहस्थ निरुपद्रवी निघाले. त्यांना फक्त पाय पसरायचे होते. बॅग मात्र कुर्डुवाडी गेली, मोहोळ गेले, तरी मांडीवरच राहिली.

बॅगेत एक भिंग, सुती हातमोजे, दोन लांबट झेरॉक्स पट्ट्या आणि मी स्वतः तयार केलेला संमतीपत्राचा मसुदा होता. हा ऐवज घेऊन मी कोठे निघालो होतो, ते सांगितले पाहिजे.

माझी सारी नोकरी दस्त नोंदणीच्या कार्यालयात, दुय्यम निबंधक म्हणून झाली. खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र, हक्कसोड; माणसे एकमेकांना काय देतात आणि देताना काय लपवतात, हे पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर मी एकोणिसाव्या शतकातील मुंबईची छायाचित्रे जमवू लागलो. माणसांची नव्हेत, राजवाड्यांचीही नव्हेत, केवळ भूदृश्ये. टेकड्या, खाड्या, माडांची बने, भराव पडण्यापूर्वीचा किनारा. मी मुंबईत कधी राहिलेलो नाही. परंतु ज्या शहराच्या प्रत्येक चौरस फुटाविषयी आज कोणीतरी खोटे बोलत आहे, त्या शहराचा हा एकच साक्षीदार फितूर झालेला नाही, असे मला वाटत आले आहे.

माझ्या संग्रहात मलबार टेकडीवरून घेतलेले बॅक बे या उपसागराचे एक विस्तीर्ण दृश्य आहे. ते एका चित्रात मावत नसल्याने छायाचित्रकाराने ते पाच काचांवर, एकापुढे एक असे टिपले. त्या काळी फिल्म नव्हती. काचेला रसायन चोपडून, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे. म्हणून आम्ही संग्राहक अशा प्रत्येक तुकड्याला ‘काच’ म्हणतो. पहिली, दुसरी, चौथी आणि पाचवी काच माझ्याकडे आहे. तिसरी नाही. डावीकडे वाळू आणि होड्या, उजवीकडे माडांची रांग, आणि मधोमध, जेथे समुद्र उघडतो नेमक्या तेथे, माझ्या भिंतीचा चुना. एका विक्रेत्याने हा संच फोडून सुटासुटा विकला, असा माझा वहीम आहे. त्या वृत्तीचा निषेध करणारे एक कडक पत्र मी वर्तमानपत्राला धाडले होते. ते छापून आल्यावर काही दिवसांनी सोलापुरातून दूरध्वनी आला.

“साहेब, तुमी पेपरात लिवलंय त्यो फोटो आमच्याकडं हाय की.”

माझा पहिला विचार असा की हे खोटे आहे. दुसरा असा की हे चोरीचे आहे. तिसऱ्या विचारापर्यंत मी तिकीट काढलेले होते.

सोलापूर स्थानकाबाहेर माघाचे ऊन चांगलेच तापले होते. रिक्षावाल्याला मी बिल्ला दाखवावयास सांगितले. त्याने खिसे चाचपले, सीटखाली पाहिले आणि अखेर आरशामागून बिल्ला काढून दिला. मी क्रमांक ताडून पाहत असता त्याने विचारले, “चाचा, आरटीओ के हैं क्या?”

“नाही.”

“वोईच बोला मैं. आरटीओ वाले इत्ता नै पूछते.” (तेच म्हटले, आरटीओची माणसे एवढी चौकशी करीत नाहीत.)

लॉजवर आधार कार्डाची प्रत मागितली, तेव्हा मी तिच्यावर ‘केवळ या लॉजच्या नोंदीसाठी, अन्य वापर केल्यास कायदेशीर कारवाई’ असे आडवे लिहून खाली सही केली. व्यवस्थापकाने ती प्रत उजेडात धरून वाचली. “आजोबा, हितं लोकं नाव बी खरं लिवत न्हाईत,” तो म्हणाला, “आन तुमी खऱ्याच्या वर आनि दम लिवताय.” दुपारी ताटात आलेली कडक भाकरी पापडासारखी मोडत होती आणि शेंगाची चटणी तेलाने ओथंबलेली होती. मी तीत शेंगदाण्याखेरीज काय आहे, ते शोधले. काही सापडले नाही. दुसऱ्यांदा घेतली.

दूरध्वनी करणाऱ्या महादेवचे दुकान नव्या पेठेच्या मागल्या गल्लीत होते. मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, रिचार्ज. चाळिशीचा, चपळ, हसरा माणूस. हसताना डोळे मात्र हिशेबात असलेले. त्याने शटर अर्धे खाली ओढले. शटर का ओढले, हे मी लगेच विचारले.

“ऊन येतंय की साहेब.”

ऊन गल्लीच्या दुसऱ्या बाजूला होते.

त्याने टेबलाखालून जुन्या चादरीत गुंडाळलेली चौकट काढली. शिसवी लाकूड, कोपऱ्यावर पितळी पट्ट्या, वर जाड, हिरवट काच. मी हातमोजे चढवले, मागील खिळे वाकवून चित्र मोकळे केले आणि भिंग लावले. हल्लीच्या छपाईत भिंगाखाली ठिपके दिसतात. येथे ठिपके नव्हते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेल्या त्या काळच्या कागदाचे बारीक तंतू दिसत होते. कोपऱ्यात छायाचित्रकाराने काचेवर कोरलेला आकडा पांढरा उमटला होता, आणि तो माझ्या दुसऱ्या व चौथ्या काचेच्या बरोबर मधला होता. तरीही मी विश्वास ठेवला नाही. माझ्या दुसऱ्या काचेच्या उजव्या कडेला वाळूवर ओढलेली एक होडी आहे. तिचा मागचा भाग आणि डोलकाठी दिसते, नाळ (होडीचे पुढचे निमुळते टोक) कापली गेली आहे. त्या कडेची झेरॉक्स पट्टी मी चित्राच्या डाव्या कडेला टेकवली.

नाळ होती. एका रेषेचाही फरक न पडता होडी पूर्ण झाली. दुसरी पट्टी उजवीकडे लावताच माडांची पहिली झावळी जुळली.

मी खुर्चीवर बसलो. महादेवने पाणी पुढे केले. ते उकळलेले आहे का, हे विचारायचे मी विसरलो, यावरून माझी अवस्था ध्यानात यावी.

चित्रात बहुतेक सारे पाणीच होते. त्या काळच्या चित्रांत लाटा दिसत नाहीत. काच बराच वेळ उघडी राही, तेवढ्यात हलणारे सारे पुसले जाई आणि समुद्र साईसारखा स्थिर दिसे. चालती माणसेही अशीच नाहीशी होत. परंतु येथे, पुढल्या खडकाशेजारी, एक माणूस होता. धोतर, मुंडासे, पायाशी पेटीसारखे काही. दृश्याचा आवाका कळावा म्हणून छायाचित्रकार कधी कधी एखाद्या हमालाला असे उभे करीत. तो नीट उभा राहिला होता; केवळ ऐन वेळी मान हलली असावी, कारण चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग होता.

मग मी बाजूला काढलेली चौकटीची काच उचलली आणि माझा हात थांबला. नेमक्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर येईल अशा ठिकाणी काचेवर पिवळट, जाड खपली होती. थरावर थर. अर्धी खपली कोणीतरी नखाने नुकतीच खरवडलेली.

“हे काय?”

“पोरांनी कायतरी चोपडलंय.”

मी वास घेतला. चंदन.

“हे चित्र तुमच्याकडे कसे आले?”

“वडिलोपार्जित हाय. घरात भिंतीवरचा.”

“वडिलोपार्जित म्हणजे एकट्याचे नव्हे. सहहिस्सेदार किती?”

महादेवने डोके खाजवले. वैरागला थोरला चुलतभाऊ अंकुशतात्या, आणि मंद्रूपकडे आत्या. “पन त्यांचं काय न्हाय साहेब. फोटूचं कोन इचारतंय? किंमत आपली ठरलीय, तुमी घिऊन जावा.”

मी त्याला समजावून सांगितले की सर्व हिस्सेदारांच्या लेखी संमतीशिवाय मी विकत घेतलेली वस्तू ही माझी वस्तू नसून माझ्यावरचा भावी दावा असते. संग्राहकांच्या घरी पोलीस आलेले मी पाहिले आहेत. सबब दोन्ही सह्या माझ्यासमक्ष झाल्या पाहिजेत. शिवाय तोवर चित्र माझ्या ताब्यात राहील, अशी पोचपावती मी लिहून दिली; कारण रात्रीतून याची रंगीत झेरॉक्स चौकटीत जाणार नाही, याची मला खात्री नव्हती. दुकान झेरॉक्सचेच होते.

“साहेब,” महादेव पोचपावती खिशात घालत म्हणाला, “लगीन करताना बी तुमी सही घितली आसंल की!”

“घेतली होती. दोन साक्षीदारांसह.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वैरागच्या एसटीत बसलो. चौकट बॅगेत मावत नव्हती. ती चादरीसकट माझ्या मांडीवर उभी. दोन्ही बाजूंना शाळूची ज्वारी कंबरेच्या वर, दाणे भरत आलेले. कोठे कोठे बांधाला हुरड्याची आगटी (कणसे भाजण्यासाठी पेटवलेला खड्डा) धुमसत होती. महादेव वाटभर बोलत राहिला. आत्याला ऐकू कमी येते. आत्याची तब्येत बरी नसते. आत्याचा अंगठा तो स्वतः जाऊन आणील, मला त्रास नको. माणूस जितका माझा त्रास वाचवू पाहतो, तितका मी सावध होतो. गैरहजेरीत घेतलेल्या अंगठ्यांनी किती घरे बुडवली, हे मला पाठ आहे. मी म्हणालो, “आत्याला मी भेटणारच.” त्यानंतर तो खिडकीबाहेर पाहू लागला.

अंकुशतात्यांची वैरागच्या बाजारात आडत होती. तुरीची आवक जोरात असल्याने आवारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. साठीचे, भक्कम, पांढऱ्या मिशांचे तात्या पोत्यांच्या थप्पीवर बसून हातातल्या तुरीचे दाणे दातांखाली फोडून पाहत होते. त्यांनी महादेवला पाहिले, मला पाहिले, आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत माझा मसुदा वाचून झाला होता.

“‘सदर मिळकतीवरील आमचा सर्व हक्क, हितसंबंध कायमचा सोडून दिला आहे,’” त्यांनी मोठ्याने वाचले. चष्मा काढला. “ह्ये रानाचं हाय.”

“रानाचे नाही. एका जुन्या छायाचित्राचे आहे. तसे वर नमूद केले आहे.”

“फोटोला हक्कसोड कोन करतंय वो?”

“मी करून घेतो.”

भोवती जमलेल्यांपैकी एक शेतकरी म्हणाला, “तात्या, सही करा. उद्या आरशाचं बी हक्कसोड मागायला येतील.” आवारभर हशा पिकला. तात्या हसले नाहीत.

“ह्यो म्हाद्या,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “दिवाळीला येत न्हाय, चुलता मेला तवा तिसऱ्या दिवशी आला. आन आज एका फोटोच्या सहीसाठी पुन्याचा मानूस घिऊन येतोय? मला येडं समजलाय व्हय? म्हाद्या, फोटो कंचा त्यो?”

“माळ्यावरलं जुनं फोटू हाय, तात्या. इंग्रजाच्या टायमाचं,” महादेव घाईने म्हणाला.

माझ्याशी बोलताना तो ‘भिंतीवरचा’ म्हणाला होता. मी त्याच्याकडे पाहिले; त्याने चहाकडे पाहिले. तात्यांनी तोवर मोबाइलवर आपला सातबारा उघडून, त्यावर अजून आपलेच नाव आहे ना, हे तपासले. मी अपमान मानला नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर फेरफारही पाहिला असता. खरे सांगायचे तर सोलापूर जिल्ह्यात पाऊल ठेवल्यापासून प्रथमच एका समंजस माणसाची गाठ पडली होती.

“आत्यानं अंगठा दिला, तर मी सही करीन,” तात्यांनी कागद घडी करून माझ्या हातात ठेवला. “पन तिला वाचून दावा. म्हाद्यानं न्हाय वाचायचं. तुमी वाचायचं.”

“ते माझे कर्तव्यच आहे,” मी म्हणालो.

आत्यांचे गाव मंद्रूपच्या पुढे, विजापूर रस्ता सोडून आत आहे. गावाचे नाव मी देणार नाही. या लेखाच्या वाचकांत संग्राहक असू शकतात, आणि वाचकांवर माझा पूर्ण विश्वास आहे असे मी कधीच म्हटलेले नाही.

मंद्रूपचा त्या दिवशी आठवडी बाजार होता. मेथीच्या गड्ड्या, मातीची गाडगी, शेळ्यांचे बें बें, मराठीत भाव सांगून कानडीत शिव्या देणारे व्यापारी. तेथून आम्ही वडाप (खच्चून भरणारी खासगी जीप) धरले. गाव दिसू लागले, तसा महादेवचा आवाज उतरला.

“साहेब, ती चौकट जीपमधीच ठिवा. ड्रायवर आपलाच हाय.”

“का?”

“म्हातारं मानूस. उगं काय बाय इचारत बसंल.”

त्या क्षणी माझी खात्री पटली की वस्तू चोरीची आहे. चोरी कोणाची आणि कशाची, एवढेच मला उमगले नव्हते. मी चौकट छातीशी धरली आणि खाली उतरलो.

घर धाब्याचे, मातीच्या सपाट छताचे, पुढे सारवलेले अंगण. आत्या उन्हात बसून शेंगा फोडीत होत्या. वय ऐंशीच्या पुढचे असावे. हिरवे लुगडे, कोपरापर्यंत गोंदण. त्यांना ऐकू कमी येत नव्हते. आमची चाहूल त्यांनी वळणावरच घेतली. मी नमस्कार करण्यासाठी चौकट खाली टेकवू लागलो, तशी चादर घसरली.

आत्या उठल्या. डोक्यावर पदर घेतला. “सुने, पानी आन,” त्यांनी आत हाक दिली, “बाबा आला गं!”

सून तांब्या घेऊन धावली. आत्यांनी माझ्या पायांवर पाणी घातले. मग ध्यानात आले की माझ्या नव्हे, चौकटीच्या खालच्या कडेवर. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या दोन बायका कामे टाकून आल्या आणि पदर पसरून चित्राच्या पाया पडल्या. चित्र माझ्याच हातात असल्याने त्या माझ्याही पाया पडत आहेत असे दिसत होते, आणि मला कोठे पाहावे हे कळेना.

“काच बदलाय नेलं, त्ये म्हैना झाला,” आत्या म्हणाल्या. “रोज वाट बघत हुते. देवघर कसं बोडकं दिसतंय. नवी काच घातली न्हाय व्हय? आसू दे. आला घरला.” मग माझ्याकडे वळून, “तुमी आनलासा? लई उपकार झालं वो.”

त्यांनी मला आत नेले. देवघरात खंडोबा आणि भवानीचे टाक (देवांचे चांदीचे पत्रे) होते, आणि त्यांच्या वर भिंतीवर एक खिळा; खिळ्याखाली चौकटीच्या आकाराची, भोवतीच्या भिंतीपेक्षा फिकट जागा. आत्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या माहेरच्या घराण्यातला एक मूळपुरुष पोट भरायला मुंबईस गेला. एका गोऱ्या साहेबाच्या काचांच्या पेट्या आणि बाटल्या तो डोंगरावर वाहून नेई. साहेबाने एकदा त्याला समुद्रापुढे उभे केले आणि हलू नको म्हणून सांगितले. परत येताना त्याने तो कागद आणला. पुढे तो वारला. त्याचा चेहरा दाखवणारे दुसरे काही घरात नव्हते. घराण्यात मूळपुरुषाचा टाक बसवतात. यांनी टाक केला नाही, हाच बसवला. काचवाला बाबा. लग्नाची पहिली अक्षता त्याला, सर्वपित्रीचे पान त्याला, आणि सणावारी गंध, त्या खडकाशेजारच्या माणसाच्या तोंडावर.

वैरागच्या आवारात तात्यांना ‘फोटो’ म्हटल्यावर याची आठवण का झाली नाही, हे मला तेव्हा कळले. या घरात त्याला कोणी फोटो म्हणतच नव्हते.

महादेव दाराशीच उभा होता. आत आला नाही.

“कागुद हाय म्हनं काय?” आत्यांनी विचारले. ड्रायव्हरने सांगितले असावे. “आनून दिल्याचा आसंल. कुटं अंगटा लावू? सुने, शाई हाय का बघ.”

येथे मला थोडे थांबले पाहिजे.

तिसरी काच माझ्या समोर होती. ज्या बाईच्या एका अंगठ्याने ती माझी होणार होती, ती बाई आनंदाने अंगठा पुढे करून बसली होती. शाईची डबी माझ्या बॅगेत होती. तात्यांची सही आपोआप मागून आली असती. महादेवने दारातून मला खूण केली. डोळ्यांनी तो सांगत होता की घ्या, घेऊन टाका. माझ्या भिंतीवरचा तो चुन्याचा पट्टा मला त्या अंधाऱ्या देवघरात स्पष्ट दिसला.

परंतु निरक्षर माणसाचा अंगठा घेण्यापूर्वी दस्त वाचून दाखवावा लागतो. कचेरीत गर्दीच्या दिवशी वकील चुळबुळत, पक्षकार जांभया देत, तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत असे. मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागलो. ‘लिहून देणार’ वाचले, ‘लिहून घेणार’ वाचले. ‘सदर छायाचित्र आम्ही राजीखुशीने, कायमचे विकत दिले असून…’

“थांबा,” आत्या म्हणाल्या. “इकत दिलं म्हंजी?”

“हे चित्र महादेव मला विकतो आहे, आणि तुमची त्याला हरकत नाही, असा याचा अर्थ आहे.”

शेजारणीने तोंडाला पदर लावला. आत्यांनी अंगठा मुठीत घेतला.

“म्हाद्या. काच बदलाय नेतो म्हनलास.”

“आत्या, तुज्या माघारी कोन बघनार गं त्याला?” महादेव दारातूनच, पण तळमळून बोलला. “वाळवी लागंल, कचऱ्यात जाईल. ह्ये साहेब जपतील तरी. पुन्याला एसीत ठिवतील.”

“एसी नाही माझ्याकडे,” मी म्हणालो. ही दुरुस्ती त्या वेळी अनावश्यक होती.

“तू न्हाय बघायचास, येवढं कळलं,” आत्या म्हणाल्या. “चिखलात पाय घालून रडत हुतास ल्हानपनी, बाबाफुडं बसवलं की गप हुयाचास. आन त्याला इकाय निघालास. मुडद्या, मला तरी इकायचं, चार दीस सुनंला इसावा मिळाला आसता.”

सून हसू दाबीत चुलीकडे गेली. महादेव उंबऱ्यावर बसला आणि त्याने मान खाली घातली. तो वाईट माणूस नाही, असे मी आजही म्हणत नाही. पण त्या वेळी त्याचे कान लाल झाले होते, हे मी पाहिले.

मी आत्यांना एकच प्रश्न विचारला. तो मला विचारणे भाग होते. “वाटणी झाली तेव्हा हे कोणाच्या हिश्श्याला आले?”

“रान वाटलं. बैलं वाटली. तांब्याचा हंडा मोडून तिघांनी तुकडं नेलं,” त्या म्हणाल्या. “देव कुनाच्या हिश्श्याला जातुय व्हय? भाऊ पांगलं, म्हनून बाबा माज्याकडं आला. ज्याच्या घरी ऱ्हातुय, त्यानं दिवा लावायचा.”

मी मसुदा घडी केला. घरच्या देवाची वाटणी होत नाही, हे मला कायद्याच्या पुस्तकातून ठाऊक होते. घरात पुजलेली मूर्ती हिस्सेदारांत तुकडे करून देता येत नाही. ती एकाच्या ताब्यात राहते आणि बाकीच्यांना दर्शनाचा हक्क असतो. तात्यांची सही, महादेवची सही, आत्यांचा अंगठा, हे तिन्ही मिळूनही माझा कागद पोकळच राहिला असता. मी वस्तूचे हिस्सेदार मोजीत हिंडत होतो. ही वस्तू हिश्श्यांची नव्हतीच. मला भयंकर संताप आला. महादेवचा आला, स्वतःचा आला, आणि ज्याने शंभरावर वर्षांपूर्वी हमालाला खडकाशेजारी उभे केले, त्या छायाचित्रकाराचाही आला.

चित्र मीच पुन्हा चौकटीत बसवले. ते काम मी दुसऱ्या कोणास करू दिले नसते. मागचे खिळे घट्ट केले. आत्यांनी चौकट भिंतीवर टांगली, चंदन उगाळले आणि त्या धुरकट चेहऱ्यावर गोल, ओले गंध लावले. मग मला जेवायला बसवले. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वर कच्चा कांदा. मी शोध न घेता जेवलो.

“तुमच्याकडं बाकीचं हाय म्हनं,” आत्या वाढता वाढता म्हणाल्या. “ह्येच्या अल्याड-पल्याड काय हाय वो?”

मी बॅगेतून झेरॉक्स पट्टी काढली आणि चौकटीच्या डाव्या कडेला धरून दाखवली. आत्या अगदी जवळ आल्या. आयुष्यभर त्या चित्रात होडीची फक्त नाळ होती. ती कशाची, हे त्यांना ठाऊक नव्हते.

“नाव हाय ही?” त्या म्हणाल्या. “आमी डुक्कर समजत हुतो! आई म्हनायची, बाबाजवळ डुक्कर कशाला काढलं आसंल साहेबानं.” त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. उंबऱ्यावर बसलेला महादेवही हसला. पट्टी मी तेथेच सोडली. आत्यांनी ती चौकटीच्या कडेत खोवली.

परतीच्या गाडीत बॅग मी वरच्या फळीवर ठेवली. तीत चोरण्यासारखे काही नव्हते.

घरी आल्यावर दोन दिवस मी मसुदे खोडत बसलो. तिसऱ्या दिवशी पत्रे लिहिली. पहिले महादेवला: सदर चित्र पुन्हा घराबाहेर गेल्याचे कळल्यास मी स्वतः साक्षीला उभा राहीन. दुसरे तात्यांना: आत्यांचा अंगठा झालेला नाही, त्याची कारणे पुढीलप्रमाणे. त्यांचे उलट टपाली उत्तर आले. त्यात एकच वाक्य होते, आणि ते महादेवच्या कुळाविषयी असल्याने येथे देत नाही. बाकीची पत्रे माझ्या माहितीतील सर्व विक्रेत्यांना आणि संग्राहकांना गेली. तिसऱ्या काचेवरचा आकडा, होडीची नाळ, खडक, माणूस, सगळे वर्णन मी त्यात दिले. गावाचे नाव दिले नाही. हे चित्र एका कुटुंबाचे दैवत आहे, ते कोणाही एकास विकता येत नाही, आणि जो विकेल वा विकत घेईल त्याच्याविरुद्ध मी तक्रार करीन, असे स्पष्ट बजावले. निवृत्तीपासून मी ज्या वस्तूच्या मागे होतो, ती विकली जाण्याचा प्रत्येक रस्ता अशा रीतीने मीच एकेक करून बुजवला.

सोलापूरला मी एक पूर्ण समुद्र आणायला गेलो होतो. आता भिंतीकडे पाहिले की दुसऱ्या आणि चौथ्या काचेमधला चुना मला पूर्वीसारखा टोचत नाही. पलीकडे काय आहे, ते मी पाहिले आहे, आणि ते कोणाच्या देखरेखीत आहे, तेही मला माहीत आहे. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठा दिलासा मिळणे कठीण.

गेल्या आठवड्यात एका बड्या संग्राहकाचे पत्र आले. अत्यंत सभ्य भाषा, जाड कागद. त्यांना त्या चित्राविषयी ‘केवळ अभ्यासासाठी’ उत्सुकता आहे. गावाचे नाव तेवढे कळवावे. आलेल्या पत्राला उत्तर न धाडणे हा मी आजवर असभ्यपणा मानत आलो. हे पत्र टेबलावर पडून आहे. ते तसेच पडून राहणार आहे.